न वाजणारी खिरापत

॥ श्री ॥
खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दि. १२ ऑगस्ट १९९१

ती. सौ. कुमुदताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर गेलं नाही म्हणून मनातल्या मनात तू मला जे काही म्हणाली असशील ते सगळं मान्य. कमळाकरमामा आणि शकूमामी मजेत आहेत. तुझ्या रियाला पहिला दात आल्याचं मामीने अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालंय.

अलिबागहून अप्पांचं एक अक्षर नाही. कॉलेज सोडून सहा महिने झाले तरी त्यांच्या लेखी मी नाहीच. तूही विचारतेस की नुसत्या एका जर्नलवरून कोणी इंजिनिअरिंग सोडतं का. सोडतं, ताई. प्रयोग नीट येत नसेल तर मागच्या वर्षीचे आकडे उतरवून काढा, असं खुद्द सरच म्हणाले. साठ पोरांनी माना खाली घालून उतरवले. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. परत तसा प्रसंग आला तर परत आपटीन.

आता शिकवणीबद्दल. मामांनी बाहेरची खोली दिली आहे. आठवी-नववीची अकरा मुलं येतात. शनिवारी शेवटचा अर्धा तास पुस्तकं मिटायची. एकेकाने उभं राहून आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. शिक्षा नाही, कोणी हसायचं नाही, फक्त ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे आपल्या पायांनी जाऊन कबूल करायचं. रेवा चेऊलकर म्हणून आठवीतली एक मुलगी आहे. ती उभी राहून म्हणाली की मागच्या आठवड्यात सरांचा नवा शर्ट छान आहे असं मी म्हणाले, पण तो छान नाहीये. हसायचं नाही हा नियम मीच मोडला.

प्रणितची गोष्ट मात्र ऐक. हा मूळचा बेलपाड्याचा, इथे आत्याकडे राहतो. आत्या, गंगाबाई, बाजारात मासळी विकते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं याने फोडलं आणि बोलणी खाल्ली रामू शिपायाने. प्रणितने शनिवारी ते सांगितलं. मी म्हटलं, जा, हेडमास्तरांना सांग. तो गेला. त्यांनी त्याच्या हातावर बारा छड्या मारल्या. मग मी गेलो आणि ऑफिसात असा काही ओरडलो की शेवटी रामूनेच मला दंडाला धरून बाहेर आणलं. संध्याकाळी गंगाबाई दारात. म्हणाली, सर, पोरगा खरा बोलला आनि मार खाऊन आला, ही कसली शिकवनी हाय तुमची? पण पुढच्या शनिवारी प्रणित सगळ्यात आधी येऊन बसला होता. म्हणजे जिंकलोच की!

रेवाची बहीण म्हणत होती की असं शिकवणारं कोणी आपल्याला मिळालं नाही. ती वाचनालयात भेटते कधीकधी.

भाऊजींना नमस्कार, रियाला पापा. माझ्यावर रागवायचं असेल तर अवश्य रागव, पण सविस्तर रागव.

तुझा,
शार्दूल


॥ श्री ॥
मिरज
दि. २६ ऑगस्ट १९९१

चि. शार्दूल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सविस्तर रागवायला वेळ नाही. घटक चाचणीचे एकशे चाळीस पेपर पुढ्यात आहेत आणि रिया त्यातले खाते आहे.

तुझ्या शनिवारांचं कौतुक वाटलं, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील. मी सात वर्षं शाळेत शिकवते आहे. तेरा-चौदा वर्षांचं पोर उभं राहून खरं सांगतं तेव्हा त्याला ते सत्य वगैरे काही कळलेलं नसतं. समोरचा माणूस त्याला आवडतो, म्हणून ते सांगतं. प्रणितने छड्या खाल्ल्या त्या तुझ्यासाठी. तू आपण जिंकलो म्हणून लिहितोस. मला त्या गंगाबाईंचं म्हणणं जास्त पटलं. त्याला पाठवताना तू बरोबर का गेला नाहीस? नंतर जाऊन ओरडलास, ते तुझं तुला बरं वाटावं म्हणून.

आणि आता मुद्द्याचं. ही रेवाची बहीण कोण? तिला नाव नाही का? शर्टाबद्दलचं मत लहान बहिणीचं, की मोठीने पढवून पाठवलेलं? मामीला विचारणार होते, मग म्हटलं तुलाच संधी द्यावी. शनिवारी मुलांना उभं करतोस, तसा एकदा तूही उभा राहा.

अप्पांचा राग शाळेच्या घंटेसारखा आहे, ठरल्या वेळी थांबेल. तब्येत सांभाळ.

तुझ्यावर माया करणारी,
कुमुदताई


॥ श्री ॥
खांदा कॉलनी
दि. ७ ऑक्टोबर १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उभा राहिलो. तिचं नाव रुचिरा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वाचनालयात भेटते असं मी लिहिलं होतं, तर कधीकधी नव्हे, दर मंगळवारी भेटायची. यापलीकडे काही नाही, पण मला आता दुसरं काही सुचत नाही. गणित शिकवताना फळ्यावर र काढतो आणि पुसतो.

भेटायची म्हणालो, कारण आता भेटत नाही. तिच्या वडिलांनी, चारुदत्त चेऊलकरांनी, तिचं वाचनालयात जाणं बंद केलंय. खेडचं स्थळ आलं आहे, मुलगा बँकेत. दसऱ्यानंतर बघायला येणार. चेऊलकर तसे सज्जन आहेत, मला पाहिलं की हात जोडतात, आमच्या रेवाला तुम्ही वळण लावलंत म्हणतात. त्यांनी हात जोडले की मला जमिनीत जावंसं वाटतं. पण जाऊन मागणी कशी घालू? अर्धवट शिकलेला, मामाच्या घरात राहणारा, बापाने बोलणं टाकलेला. मला दोन वर्षं हवीत. तेवढी थांब, एवढंच तिला सांगायचं आहे. नुसतं सांगायचं आहे, ताई! चार घरं सोडून राहते ती, आणि तिच्यापर्यंत चार ओळी पोचवायला मला रस्ता नाही.

म्हणजे नव्हता. आता सापडलाय. नवरात्र उद्यापासून आहे, एवढंच लिहितो. जास्त सांगत नाही, कारण तू शिक्षिका आहेस. कोणी खोटं बोलणार नाहीये, याची मी नीट काळजी घेतली आहे.

तुझा लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त लागेल.

शार्दूल


॥ श्री ॥
मिरज
दि. २२ ऑक्टोबर १९९१

चि. शार्दूल,
आशीर्वाद.

काल शकूमामीचं पत्र आलं. तिने लिहिलंय ते तसंच उतरवते, म्हणजे काय खरं आणि काय नाही हे तुला सांगता येईल.

रविवारी तेरा तारखेला चेऊलकरांकडे भोंडला होता. मामीने त्यांना खिरापत करून दिली होती, वाटली डाळ. मामीचा दरवर्षीचा डाव तुला ठाऊकच आहे. डबा कितीही हलवला तरी वाटली डाळ वाजत नाही, त्यामुळे मुलींना ती ओळखता येत नाही. रेवा येऊन डबा घेऊन गेली. गाणी झाली, डबा हलवला, तर आतून सळसळ आवाज! मुली म्हणे लाह्या, कुरमुरे, सालपापड्या असं ओरडत सुटल्या. मामी चक्रावली. झाकण उघडलं तर डाळीवर मेणकागद आणि त्यात घडी घातलेली चिठ्ठी. रुचिराच्या आत्याने सगळ्यांदेखत दोन ओळी मोठ्याने वाचल्या. खालचं नाव वाचायच्या आत रुचिराने चिठ्ठी ओढून पाण्याच्या बादलीत बुडवली. शाई पसरली, अक्षर गेलं.

रेवाला विचारलं, तर ती लगेच म्हणाली की सरांनी दिली. चेऊलकर तिला हाताला धरून तुमच्याकडे आले. आणि मामी लिहिते, तिचेच शब्द: आपल्या शार्दूलने अगदी शांतपणे सांगितलं की मला यातलं काही माहीत नाही. मामीला तुझा अभिमान वाटतो आहे. त्या आगाऊ पोरीने सिनेमात बघून स्वतःच चिठ्ठी लिहिली, असं सगळ्यांचं ठरलं आहे.

शार्दूल, शांतपणे हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तुला ओळखते. खोटा आळ आला की तू भांडी फेकतोस. शांत तू एकदाच झाला होतास, अप्पांचं पेन विहिरीत टाकलंस तेव्हा.

मला खरं काय ते कळव. उलट टपाली.

कुमुदताई


॥ श्री ॥
खांदा कॉलनी
दि. २९ ऑक्टोबर १९९१

ती. ताई,
नमस्कार.

मी दिली होती.

आता सगळंच लिहितो. रेवा डबा न्यायला आली तेव्हा मामी आत साडी बदलत होती. मी झाकण उघडून चिठ्ठी ठेवली. रेवाने विचारलं की सर, हे काय. मी म्हटलं, हा डबा फक्त तुझ्या ताईच्या हातात दे, सगळ्यांच्या आधी ती आत नेऊन उघडेल. रेवा म्हणाली की आईने विचारलं तर? मी तिला काय सांगितलं माहीत आहे? खिरापतीत काय आहे ते ओळखेपर्यंत सांगायचंच नसतं, तेव्हा न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. केवढा हुशार! तिने जरा विचार केला, मान डोलावली आणि डबा छातीशी धरून गेली. वाटेत कोणी तिला काही विचारलंच नाही. घरी पोचली तर रुचिराला आत्याने वेणी घालायला बसवलेलं, आणि मुलींनी डबा हातातून ओढून घेतला.

नंतर चेऊलकर तिला घेऊन आले. मामा, मामी, शेजारच्या नीताकाकू, सगळे होते. चेऊलकर हात जोडूनच उभे होते. म्हणाले, मास्तर, पोरगी तुमचं नाव घेते आहे, मला विचारायला लाज वाटते. ताई, रेवा रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, शनिवारी बघते तशी. तिला खात्री होती. आता सर उभे राहतील आणि सांगतील, आणि झालं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन कबूल करायचं, आणि ज्याचं केलं ते तर समोरच उभं होतं, दोन पावलांवर.

मला वाटलं, हो म्हटलं तर रुचिरा गेली. मला वाटलं, मामांचं या कॉलनीत राहणं मुश्कील होईल. हे सगळं मला नंतर वाटलं, खरं तर. तेव्हा मला फक्त भीती वाटली. मी म्हणालो की मला काही माहीत नाही, या वयात मुलं गोष्टी रचतात. दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून दिलं.

रेवाच्या तोंडावरचं काय गेलं ते मला लिहिता येत नाही.

शनिवारी चेऊलकर तिला घेऊन आले. म्हणाले, तुमच्या पद्धतीने होऊ दे, वर्गात सांगू दे तिला. ती उभी राहिली आणि म्हणाली की मी सरांवर खोटा आळ घेतला, माझी चूक झाली. अकरा पोरांच्या वर्गात तिने ते म्हटलं आणि मी म्हटलं, बरं, बस खाली. मग पुढचा नंबर प्रणितचा. रविवारी डबा घेऊन रेवा निघाली तेव्हा तो आमच्या पायरीवर बसून वही पुरी करत होता, दार उघडंच होतं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, माजं काय नाय सर. मी या हप्त्यात काय केलाच नाय. त्याच्यामागून सगळ्यांनी तेच सांगितलं. कोणीच काही केलेलं नव्हतं. परवापासून प्रणित येत नाही.

रुचिराही गप्प आहे. ती गप्प आहे म्हणून मी तिला दोष देऊ शकत नाही, आणि मनात मात्र देतो. झोप लागत नाही. जर्नल आपटणारा मी तोच का, हे तू विचारायच्या आधी मीच विचारून बसलोय.

काय करू ते सांग. लोभ ठेव म्हणायची हिंमत नाही.

शार्दूल


मिरज
दि. २ नोव्हेंबर १९९१

शार्दूल,

काय करू म्हणून मला विचारतोस? तेरा वर्षांच्या मुलीला ते माहीत होतं.

चेऊलकरांकडे जा. मामा-मामींना बरोबर ने, कारण त्यांच्यासमोर तू खोटं बोललास. रेवा समोर असली पाहिजे. तिला आत पाठवून मोठ्या माणसांत कुजबुजत काही मिटवायचं नाही. पुढे रुचिरा मिळेल का, मामा काय म्हणतील, अप्पा काय म्हणतील, यातलं काहीही त्या मुलीचं नाही. तुझं आहे, तू उचल.

लवकर जा. मुलं रडतात तोवर वेळ असतो. एकदा ती शहाणी झाली की मग आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हे मी शाळेत पाहिलं आहे.

हे केल्याशिवाय भाऊबीजेला येऊ नकोस. मी पाट मांडणार नाही. हे लिहिताना मला काय होतंय ते तुला कळावं एवढी माझी अपेक्षा आहे.

ताई


खांदा कॉलनी
दि. १२ नोव्हेंबर १९९१

ती. ताई,
नमस्कार.

भाऊबीज होऊन गेली. मी चेऊलकरांकडे जाऊन आलो होतो, तरी मिरजेची गाडी धरली नाही. का, ते लिहितो.

पाडव्याच्या सकाळी मामा-मामींना सगळं सांगितलं. मामा चष्मा काढून पुसत बसले. मामी म्हणाली की आता कशाला उकरून काढतोस, निवलंय सगळं. मी चिडलो, ओरडलो आणि दोघांना घेऊन गेलो. जाताना मला हलकं वाटत होतं, हेही कबूल करतो.

चेऊलकरांनी फराळाचं समोर ठेवलं. मी म्हटलं, रेवाला बोलवा. ती आली, आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. मी उभा राहिलो आणि सांगितलं. चिठ्ठी माझी, डब्यात मी ठेवली, रेवा पहिल्यापासून खरं बोलत होती, खोटं बोललो तो मी. तिची माफी मागितली, तिचं नाव घेऊन.

चेऊलकरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं, तिथे रुचिरा असावी. मग म्हणाले की मास्तर, खेडची मंडळी परवा होकार कळवून गेली, चोवीस तारखेला साखरपुडा आहे. एवढंच म्हणाले.

तेव्हा रेवा बोलली. आवाज अगदी साधा, पाढा म्हणावा तसा. म्हणाली की बाबा, सर माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतायत. चिठ्ठी मीच लिहिली होती, सिनेमात बघून. मी वर्गातसुद्धा सांगितलंय.

ताई, मी नाही नाही म्हणत राहिलो. म्हटलं, रेवा, असं करू नकोस, तू खरी आहेस. ती माझ्याकडे बघून हसली, मोठी माणसं पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. चेऊलकरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मामांना म्हणाले, बघा, आपली चूक कशी स्वतः कबूल करते, जबाबदारीची जाण आली पोरीला, सगळं मास्तरांमुळे. आणि त्यांनी मला हात जोडले. मामीने चकलीची बशी माझ्याकडे सरकवली. आतून रुचिरा आली नाही.

फाटकापर्यंत रेवा आमच्याबरोबर आली, फाटकाची कडी लावून घ्यायला म्हणून. मामा-मामी पुढे गेले. मी विचारलं की का केलंस असं. ती कडीशी चाळा करायला लागली. म्हणाली की सर, मी खरं सांगितलं तेव्हा आत्याने मारलं आणि आई आठ दिवस बोलली नाही. खोटं सांगितल्यावर सगळे बोलायला लागले. रुचिराताई आता रोज माझी वेणी घालते. मी म्हटलं, पण मी आज सगळं सांगितलं ना, आता तुला कशाची भीती नाही. तर ती म्हणाली, आणि यात राग नव्हता, ताई, विनंतीच होती. म्हणाली की सर, तुम्ही प्लीज परत येऊन खरं सांगू नका. ताईचं लग्न होईपर्यंत मला हेच म्हणायचंय. खूप दिवस पाठ केलं तेव्हा कुठे ते न अडखळता यायला लागलंय.

मग तिने कडी लावली.

शार्दूल